पदरची पाच माणसं

६ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचा भाऊ गेला त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या जिन्यात आपण दोन मिनिटं भेटलो होतो. मी त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर. मी आठवत नसेन तरी चालेल, त्या दिवशी मला माझंच नाव आठवत नव्हतं.

एका कामासाठी लिहितोय. काम जरा विचित्र आहे. तुमच्या आगारात फोन केला होता, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम फोनवर हो-नाहीच्या पुढे जात नाहीत. पत्र टाका, पत्राला त्या उत्तर देतात." म्हणून हे पत्र.

आम्ही चौघं गेली नऊ वर्षं दर रविवारी दुपारी माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी पेशंट गाल धरून बसतात तिथे, एक खेळ खेळतो. म्हणजे खेळायचो. मी, बेकरीवाल्या बाई, एक विमा एजंट आणि तुमचा भाऊ. टेबलावर कागद, पेन्सिली आणि फासे. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं: मी हे दार उघडतो, मी त्या विहिरीत उतरतो. मी पंच. दारामागे काय आहे ते मी सांगतो आणि उरलेल्या सगळ्या जगाच्या तोंडून मीच बोलतो. जमलं की नाही ते फासे ठरवतात. पोरखेळ वाटेल. आहेच.

या खेळात कोणी एकटं हिंडत नाही. सामान वाहायला, उजेड धरायला, रांधायला पदरी माणसं ठेवावी लागतात. तुमच्या भावाने घेतला होता एक सरदार, आणि त्याच्या पदरी पाच माणसं होती. मशाल धरणारी एक म्हातारी, एक खेचरवाला, एक आचारी, एक नकाशे काढणारा आणि एक भालेकरी, ज्याचा गुडघा संकट दिसलं की दुखायला लागतो. ही माणसं कागदावरची आहेत, खरी नाहीत. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर तुम्ही त्यांच्या जेवणाखाण्याची काळजी कराल.

अडचण अशी की जमिनीखालच्या एका किल्ल्याच्या दाराशी ही पाच माणसं, जानेवारीत आम्ही परत खेळायला बसलो तेव्हापासून, चार रविवार नुसती उभी आहेत. दुसऱ्याच्या माणसांना कोणी हुकूम द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. आणि दहा रविवार हुकूम मिळाला नाही तर माणसं पांगतात, हाही नियम आहे. तुमच्या भावाच्या फाइलमध्ये "माझ्या गैरहजेरीत हुकूम कोणाचा" असा रकाना आहे. त्यात त्याने एकच शब्द लिहिलाय: ताईचा.

तेव्हा तुम्हीच सांगा. पाचजण आम्ही वाटून घेऊ, की त्यांना मोकळं करू? विमा एजंट वाटून घ्यायला उतावीळ आहेत. त्यांच्याकडे माणसं टिकत नाहीत. जमीन खचते का ते बघायला ते माणसांना पुढे घालतात.

एक ओळ लिहून कळवलंत तरी पुरे.

आपला,
डॉक्टर

११ फेब्रुवारी

डॉक्टर,

पत्र मिळालं. तुम्ही मला आठवता. तुम्ही पाण्याची बाटली दिली होती, ती परत करायची राहिली.

मी आगारात ड्यूट्या लावते. ड्रायव्हर-कंडक्टर मिळून दोनशे दहा माणसं आहेत. एकतीस वर्षं हेच काम केलं, दुसरं मला येत नाही. खेळातलं काही कळत नाही, तेव्हा चुकलं तर सांगा.

माणसं वाटून घ्यायला माझी संमती नाही. माणसं म्हणजे खुर्च्या नाहीत.

ती खरी नाहीत हे समजलं. तरी विचारते. चार रविवार दाराशी उभी आहेत म्हणता, तर आळीपाळीने उभी आहेत की सगळी एकदम? झोपतात कधी? म्हातारीच्या हातातून मशाल घ्यायला दुसरं कोणी आहे का? खेचरावर ओझं किती, आणि मुक्कामाला ते उतरवतात का? आचाऱ्याला पहाटे उठावं लागत असणार, मग रात्रीच्या पहाऱ्यावर त्याला लावत नाहीत ना?

तुमच्या उत्तराची वाट बघण्यात आणखी एक रविवार जाईल, म्हणून तक्ता आत्ताच सोबत जोडला आहे. सलग दोन पाळ्या कोणालाही नाहीत. अंधारात एकट्याने कोणी जायचं नाही, जोडीनेच जायचं. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. म्हातारीची सुट्टी रविवारी धरली आहे, कारण तक्त्यात तेवढीच जागा निघाली.

हा माझा हुकूम समजावा.

— ताई

२१ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

तक्ता मिळाला. बेकरीवाल्या बाईंनी तो मोठ्याने वाचला. आधी खूप हसल्या, मग आत जाऊन तोंड धुऊन आल्या. का, ते पुढे कधीतरी सांगीन.

काल तक्ता लागू केला. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

आम्ही किल्ल्यात शिरलो. आत काळोख. विमा एजंट म्हणाले, "म्हातारी कुठेय?"

मी म्हणालो, "सुट्टीवर."

"भुयारात सुट्टी?"

"तक्त्यात तसं आहे."

"अहो पण सुट्टीत ती करते काय? जाते कुठे?"

"दाराशी बसून पाय शेकतेय. तुम्हाला काय करायचंय?"

मग त्यांनी स्वतःच मशाल धरली. दुसऱ्या हातात तलवार. दोराला हात उरला नाही, म्हणून फासे टाकले आणि एजंट विहिरीत पडले. विहीर फार खोल नव्हती. अपमानापुरती होती.

त्यांना वर काढेपर्यंत बातमी पसरली होती. बेकरीवाल्या बाईंच्या दोन्ही हमालांनी सुट्टी मागितली आणि बाईंनी दिलीसुद्धा. एजंटांचा जो एकुलता एक माणूस जिवंत आहे, त्यानेही अर्ज केला. एजंट लालबुंद झाले. म्हणाले, "विमा विकतो मी. माणसाच्या जिवाचं मोल मला नका शिकवू!" बाई म्हणाल्या, "मग स्वतःच्या एकाचा तरी उतरवायचात!"

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: आजवर सगळी एकदम उभी होती, चूक माझी. खेचराचं ओझं मुक्कामाला उतरवतात, खेचरवाला स्वतः उतरवतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. आचाऱ्याला रात्रीचा पहारा नाही.

एजंटांची एक विनंती आहे, ती पोचवायला मी बांधील आहे. पुढे एक अरुंद बोळ लागतो. फक्त एका रविवारपुरता तुमचा भालेकरी उसना मिळेल का?

आपला,
डॉक्टर

२६ फेब्रुवारी

डॉक्टर,

भालेकरी मिळणार नाही. एजंटांना सांगा, स्वतः पुढे चालावं. विहिरीचा अनुभव आता त्यांनाच आहे.

भालेकऱ्याच्या गुडघ्याबद्दल. आमच्याकडे अशा माणसाला हलकी ड्यूटी देतात, पण आधी गुडघा खरंच दुखतो का ते बघतात. तो कोणी बघितला आहे का? तुम्ही डॉक्टर आहात. दातांचे असलात तरी.

म्हातारीची सुट्टी मंगळवारी केली आहे. तिला ते चालेल का, हे तिला विचारून घ्या. मी आधी विचारलं नव्हतं.

आणखी एक. तुमच्या पहिल्या पत्रातच ते होतं, तेव्हा विचारलं नाही. तुम्ही लिहिलंत, नऊ वर्षं, दर रविवारी. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने मला सांगितलं होतं की रविवारी इमारती रिकाम्या असतात म्हणून देखभाल रविवारीच लावतात, आणि म्हणून त्याला माझ्याकडे येता येत नाही. मी ते मानलं. नऊ वर्षं मी रविवारच्या सुट्ट्या दुसऱ्यांना देत आले. मला घेऊन करायचं काय होतं?

तो खोटं बोलला याचा राग नाही. कारण सांगताना ड्यूटीचं सांगितलं, जे मी कधीच तपासणार नव्हते. ते लागलं.

तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा. नसेल तर लिहू नका. समजूत घालू नका.

— ताई

३ मार्च

ताई,

मी आणि बेकरीवाल्या बाई दोन दिवस तुमचं पत्र एकमेकांच्या हातात देत बसलो होतो. समजूत घालत नाही. जे माहीत आहे तेवढंच लिहितो.

दोनेक वर्षांपूर्वी बाईंनी त्याला विचारलं होतं, "ताईंना सांगितलंस का रे, रविवारी काय करतोस ते?" तो म्हणाला, "ती दोनशे खरी माणसं सांभाळते. तिला काय सांगू, मी पाच खोटी सांभाळतो म्हणून?" आम्ही हसलो. तो नाही हसला. आम्ही विषय बदलला. तेव्हा बदलायला नको होता, हे आता कळतंय.

बाई तोंड धुवायला का उठल्या तेही सांगतो. त्याच्या फाइलमध्ये अगदी तुमच्यासारखाच तक्ता आहे. सलग दोन पाळ्या नाहीत. अंधारात जोडीनेच. कोणाचे बूट चावतात, कोणाला घोरणाऱ्याशेजारी झोप लागत नाही, सगळं लिहिलेलं. टेबलावर त्याला आम्ही ताईचा कायदा म्हणायचो. एजंटांना एखाद्या माणसाला पुढे घालायचं असलं की तो फाइल उघडायचा, आणि एजंट कपाळाला हात लावून म्हणायचे, "आली याची ताई!" तुम्ही नऊ वर्षं दर रविवारी आमच्या डोक्यावर बसलेल्या होतात. तक्ता आला तेव्हा आम्हाला फक्त अक्षर नवीन होतं.

भालेकऱ्याचा गुडघा तपासला. काही झालेलं नाही. पण कोणी तरी विचारलं म्हणून त्याला इतकं बरं वाटलं की लंगडणं थांबलं.

आता माझी एक कबुली. पाचजण मला दर रविवारी विचारतात, सरदार कुठे आहेत? म्हणजे मीच त्यांच्या तोंडून विचारतो आणि मीच उत्तर देतो, पण विचारावं तर लागतंच, माणसं आहेत ती. मी त्यांना सांगितलंय, सरदार बहिणीकडे गेलेत, येतील. तुम्हाला त्याने सांगितलं ड्यूटी आणि त्यांना मी सांगतोय बहीण. लिहितानासुद्धा लाज वाटते.

त्याला कारण आहे. मालक गेल्याचं कळलं की पदरच्या प्रत्येक माणसासाठी फासे टाकावे लागतात. प्रत्येकाच्या नावापुढे निष्ठेचा एक आकडा असतो. दोन फाशांची बेरीज त्याच्या वर गेली, की तो माणूस गेला, परत येत नाही. तुमच्या भावाची एवढीच माणसं उरली आहेत. ती फाशांवर लावायचं माझ्याच्याने होत नाही. आणि खरं सांगू का, तो गेला हे त्या टेबलावर अजून कोणी मोठ्याने म्हटलेलं नाही.

— डॉक्टर

९ मार्च

डॉक्टर,

तुम्ही जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. सांगितलं असतं तर मी हसले नसते. खेचरावर ओझं किती, हे विचारलं असतं.

पण तुमची कबुली मला पटली नाही. आगारात एखादा ड्रायव्हर गेला तर त्याच्या कंडक्टरला ते ड्यूटीच्या फलकावर वाचायला लागू नये, ही माझी रीत आहे. मी आधी त्याला समोर बसवते, सांगते, आणि मगच फलकावरचं नाव बदलते. एकदा फलक आधी बदलला गेला होता. एक माणूस पूर्ण पाळीभर बसशेजारी उभा राहिला, जोडीदार येईल म्हणून. ते परत होऊ दिलेलं नाही. तुम्ही पाच माणसांना दोन महिने तसं उभं केलंत.

फासे टाकावे लागत असतील तर टाका. खोटं सांगून माणसं धरून ठेवलेली मला चालणार नाहीत. त्यालाही चालली नसती.

तुम्हाला सांगवत नसेल तर सोबतचं पत्र त्यांना वाचून दाखवा. माझ्या जागी बेकरीवाल्या बाईंनी वाचलं तरी चालेल.

— ताई

(सोबतचं पत्र)

मशालवाल्या बाई, खेचरवाले, आचारी, नकाशेवाले आणि भालेकरी यांना,

तुमचे सरदार माझे धाकटे भाऊ होते. ते आता येणार नाहीत. अकरा डिसेंबरला सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि पाचव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ते वारले. ते माझ्याकडे आले आहेत असं तुम्हाला सांगण्यात आलं होतं. ते माझ्याकडे आले नव्हते.

तुम्हाला हे उशिरा कळतंय, यात तुमची चूक नाही. तुम्हाला जिथे उभं राहायला सांगितलं होतं तिथे तुम्ही उभे राहिलात.

त्यांना फार त्रास झाला का, असं तुम्ही विचाराल. पहिले दोन दिवस झाला, नंतर नाही. शेवटच्या दिवशी ते माझ्याशी माझ्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल बोलले. तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत. पण तुमची फाइल त्यांनी नीट ठेवली होती, आणि ज्याचं काही ते नीट ठेवत त्याच्याबद्दल कधीच बोलत नसत.

ज्याला जायचं आहे त्याने जावं. त्याला कोणी अडवणार नाही आणि कोणी वाईट म्हणणार नाही. ज्याला थांबायचं आहे त्याने कोणाबरोबर थांबायचं ते स्वतः ठरवावं. तुमच्यापैकी कोणालाही पुढे घातलं जाणार नाही, एवढं मी बघेन.

नऊ वर्षं तुम्ही त्यांना सोबत दिलीत, त्याबद्दल आभार.

— त्यांची ताई

१४ मार्च

ताई,

काल वाचलं. बेकरीवाल्या बाईंनीच वाचलं. नळाच्या वाक्याला त्या थांबल्या, तेव्हा पुढचं एजंटांनी वाचलं. चष्मा न लावता वाचलं, त्यामुळे दोन ठिकाणी अडखळले आणि ते बरंच झालं.

मग फासे. तुमच्या भावाचेच घेतले.

म्हातारीचा आकडा नऊ. बाईंनी फासे टाकले, सहा पडले. थांबली. आचाऱ्याचा नऊ, पडले सात. थांबला. नकाशेवाल्याचा आठ आणि बरोब्बर आठ पडले. आम्ही तिघांनी एकदम श्वास सोडला. भालेकऱ्याचा आकडा सगळ्यांत कमी, सहा. एजंट म्हणाले, याचे मी टाकतो. तीन पडले. एजंट असे ओरडले की शेजारच्या दुकानातला माणूस दार वाजवायला आला. मग ते उठून भिंतीवरचं माझं दंतवैद्यकाचं प्रमाणपत्र बराच वेळ वाचत उभे राहिले. ते त्यांनी नऊ वर्षं दर रविवारी बघितलंय.

राहिला खेचरवाला. त्याचा आकडा अकरा. सगळ्यांत जास्त. सुरुवातीपासून तुमच्या भावाबरोबर असलेला तोच एक. त्याच्यासाठी मी टाकले.

बारा पडले.

एजंट म्हणाले, "टेबल हललं. परत टाका."

बाई म्हणाल्या, "टेबल हललं नाही."

"मी सांगतो ना हललं!"

"ताईंनी लिहिलंय, अडवायचं नाही."

खेचरवाल्याने सगळ्यांचं सामान एकेक करून उतरवलं, भिंतीशी नीट लावलं, खेचराचा दोर धरला आणि आल्या वाटेने निघून गेला. त्याच्या तोंडून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही. माफ करा. एक माणूस मी घालवला.

उरलेल्या चौघांना विचारलं, कोणाबरोबर थांबायचं? एजंटांनी आशेने कॉलर नीट केली. चौघं म्हणाले, ताईंबरोबर. आता नियमाप्रमाणे ज्याच्या पदरी माणसं त्याला टेबलाशी बसावं लागतं, हुकूम पोस्टाने चालत नाहीत. तुमच्यावर ओझं टाकायचं नाहीये. जमणार नसेल तर तेही कळवा, चौघांना मी सांगेन. या वेळी खरं सांगेन.

— डॉक्टर

१७ मार्च

डॉक्टर,

तुम्ही कोणाला घालवलं नाही. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा, तोच गेला. मला ते समजतं. भाऊ गेल्यावर मीसुद्धा त्याच्या घरी गेले नाही. किल्ली माझ्याकडे आहे.

चौघांनी मला निवडलं, त्याबद्दल त्यांना कळवा की मी आभारी आहे आणि मला अजून काही येत नाही. या आठवड्यात त्यांनी आराम करावा. सामान वाहायला खेचर नाही, तेव्हा जास्तीचं तिथेच ठेवावं. एजंटांनी थोडं उचललं तर हरकत नाही.

पण खेचरवाला असा गेला, हे मला बरं वाटलं नाही. नऊ वर्षं काम केलेला माणूस कागद न घेता गेला. माझ्या विभागातून आजवर कोणी तसं गेलेलं नाही. मी त्याच्यासाठी चार ओळी लिहिल्या आहेत: चालचलणूक उत्तम, ओझं नेहमी स्वतः उतरवलं, स्वतःच्या इच्छेने जात आहे. खाली सही केली आहे, आगाराचा शिक्का मारला नाही, तो मारता येत नाही.

हा कागद पोस्टाने पाठवत नाही. खेचर बरोबर आहे म्हणजे तो फार लांब गेला नसेल. येत्या रविवारी मी रजा टाकली आहे. आमच्या साहेबांना वाटलं मी आजारी आहे.

त्याला परत आणायला मी येत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. कागद हातात द्यायचा आहे आणि थोडं बोलायचं आहे. नऊ वर्षं तो माझ्या भावाच्या शेजारून चालला. वाटेत भाऊ काय बोलायचा, गप्प असायचा का, दमला की सांगायचा का, हे त्याला माहीत असणार. मला यातलं काही माहीत नाही. त्याने सावकाश सांगावं. न आठवलं तर तसं सांगावं, रचून सांगू नये. हे तुम्हालाही लागू आहे.

माझी बस दीड वाजता पोचते. तोवर त्याला वाटेतल्या पहिल्या विहिरीपाशी थांबवा, आणि मी येईपर्यंत कोणी फासे टाकू नका.

— ताई